गावाची नोंद आणि गावातील महाविद्यालय

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला, हे रायगड जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एका नामांकित इंग्रजी विश्वकोशात मात्र त्यांचे जन्मग्राम ‘गाहोदा, गुजरात’ असे छापले गेले. ही चूक कशी झाली असावी, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. विनोबांचे वडील बडोद्यास नोकरीला होते आणि विनोबांचे शिक्षणही तेथेच झाले. हजारो मैलांवर बसलेल्या संपादकाने बडोदे आणि जन्मगाव एकाच प्रांतात ढकलले असल्यास त्यात नवल नाही. नवल आहे ते पुढचे. कोश मोठा, म्हणून त्यातली चूकही मोठी झाली. सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांतून आणि चरित्रटिपणांतून हे ‘गाहोदा’ फिरत राहिले. ज्याला गागोदे माहीत होते त्याने कोश उघडला नाही, आणि ज्याने कोश उघडला त्याला गागोदे माहीत नव्हते.

गावांच्या कोशातील नोंदींचा सारा प्रश्न या एका उदाहरणात सामावला आहे. पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे. दोन्हीकडे महाविद्यालये आहेत. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय, रोह्यास चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय. आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने आणि रेल्वेने मुले येतात, वर्गात अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल शिकतात, आणि ज्या गावात शिकतात त्या गावाविषयी काही लिहावयाचे झाले की कोशात अथवा संगणकाच्या पडद्यावर जे सापडेल ते उतरवून काढतात. त्या नोंदीत चूक असेल तर ती चूक गावातच परत येते आणि या वेळी तिच्यावर गावाचाच शिक्का बसलेला असतो. अलीकडे प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रेही अशाच नोंदी वाचून बोलतात, तेव्हा एकदा पडलेली चूक किती तोंडांनी वदली जाईल याला गणतीच उरलेली नाही.

अशा नोंदी सुधारण्याचा उत्साह आज पुष्कळांना आहे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या मुक्त कोशात तर कोणालाही लेखणी चालविता येते. परंतु दुरुस्ती ही चुकीपेक्षा अवघड गोष्ट आहे. जिल्ह्याच्या नावाचेच पाहा. अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून पडलेले कुलाबा हे जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी बदलून रायगड झाले. त्यापूर्वी छापलेल्या कोणत्याही ग्रंथात पेण आणि रोहे ही कुलाबा जिल्ह्यात सापडणार हे उघडच आहे. आता एखादा उत्साही दुरुस्तीकार जेथे जेथे ‘कुलाबा’ दिसेल तेथे तेथे ‘रायगड’ लिहीत सुटला तर काय होईल? देशमुख १९५२ च्या निवडणुकीत ‘रायगड’ मतदारसंघातून लोकसभेवर गेले, असे वाक्य तयार होईल. आणि ते चूक ठरेल. मतदारसंघाचे नाव कुलाबा होते. इतकेच नव्हे, तर जिल्ह्याचे नाव बदलल्यावरही लोकसभेचा मतदारसंघ पाव शतकाहून अधिक काळ कुलाबाच राहिला. २००४ ची निवडणूक कुलाब्यातून झाली आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर २००९ ची निवडणूक रायगडमधून. उलट बाजूने, इंग्रजी नोंदीतले ‘कुलाबा’ वाचून परप्रांतीय वाचक मुंबईच्या दक्षिण टोकाला जाऊन पोहोचतो आणि देशाच्या अर्थमंत्र्याला ससून गोदीजवळच्या मतदारांनी निवडून दिले असे समजतो. म्हणजे जुने नाव तसेच ठेवले तरी घोटाळा, बदलले तरी घोटाळा. त्यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: प्रत्येक नावापुढे त्याचे वर्ष लिहिणे. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी नावातले ‘बॉम्बे’ १९९६ साली गेले. पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक सतरा होता, तो आता सहासष्ट आहे. जुना क्रमांक लिहिणारा खोटे बोलत नसतो. तो फक्त कधीचे बोलतो आहे हे सांगावयास विसरतो.

रोह्याची अडचण निराळी आहे. नाव रोहे की रोहा, येथूनच प्रारंभ. त्यातच नगरपरिषदेचे नाव ‘रोहा अष्टमी’. अष्टमी ही कुंडलिका नदीच्या पलीकडच्या तीराची वस्ती, आणि दोन्ही तीर मिळून एक नगरपरिषद. जनगणनेच्या तक्त्यात शहर शोधणाऱ्याला ‘रोहा’ या शब्दाखाली तालुका मिळतो आणि ‘रोहा अष्टमी’ या शब्दाखाली शहर. घाईत असलेला नोंदलेखक तालुक्याची लोकसंख्या उचलून शहराला चिकटवतो, किंवा अष्टमीला एखादा सण समजून गाळून टाकतो. पेण तालुक्यात ‘दादर’ नावाचे गाव आहे, ‘वाशी’ही आहे, दोन्ही खारेपाटातली गावे, आणि मुंबईकराला दोन्ही आपलीच वाटतात. माणसाला हा फरक एकदा सांगितला की कळतो. नावावरून नावे जुळविणाऱ्या यंत्राला तो कोणी सांगावयाचा?

जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने तर अधिकच जपून पाऊल टाकावयास हवे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नागोठणे हा पेण तालुक्यातील एक पेटा म्हणून येतो. आज नागोठणे रोहे तालुक्यात आहे. त्या काळच्या पेण तालुक्याची लोकसंख्या आजच्या पेण तालुक्याशेजारी ठेवून टक्केवारी काढणारा विद्यार्थी गणित बरोबर करतो आणि उत्तर चूक आणतो. रेल्वेच्या बाबतीतही ढिलाई आहे. पेण आणि रोहे ही दोन्ही स्थानके ‘कोकण रेल्वेवर’ असल्याचे सर्रास बोलले जाते. वस्तुतः दिव्याहून पनवेल, पेणमार्गे रोह्यापर्यंत येणारा मार्ग मध्य रेल्वेचा. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून पुढे सुरू होते. २६ जानेवारी १९९८ रोजी ज्या कोकण रेल्वेचे राष्ट्रार्पण झाले तिचे उत्तर टोक रोहे हे आहे. ही गोष्ट रोह्याच्या दृष्टीने केवढी महत्त्वाची! पण ‘मुंबई ते मंगळूर’ या ठोकळ वर्णनात तीच पुसली जाते.

येथवरच्या चुका अज्ञानाच्या अथवा आळसाच्या. दुसऱ्या जातीच्या चुका प्रेमातून होतात आणि त्या काढणे अधिक कठीण असते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री, नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असे चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुख घराण्यातले. रोह्याच्या नोंदीत त्यांचे नाव असणे सर्वथा योग्य. परंतु ‘जन्म रोहे येथे’ असे लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते या गावी झाला. गावाचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाला आपला म्हणण्यासाठी रोहेकरांना जन्मदाखल्याची गरज नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. रॅमन मॅगसेसे पारितोषिक विनोबांना १९५८ साली मिळाले, देशमुखांना १९५९ साली, आणि रोह्यास १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९६ साली. लगतच्या दोन तालुक्यांशी नाते असलेल्या तिघांना आशियातील हा सन्मान लाभावा, ही कोणत्याही कोशाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. पण वाक्य लिहिताना ‘पेण-रोहे तालुक्यांत जन्मलेले तिघे’ असे लिहिले की ते खोटे होते. ‘या तालुक्यांशी संबंध असलेले तिघे’ असे लिहिले की खरे. फरक दोनतीन शब्दांचा आहे. कोशकाराचे सारे पांडित्य बहुधा अशाच दोनतीन शब्दांत खर्ची पडते.

पेण या नावाच्या व्युत्पत्तीचेही असेच. जुन्या मराठीत ‘पेणे’ म्हणजे प्रवासातील मुक्कामाची जागा. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला तो शब्द परिचित आहे. पेण हे भोगावतीच्या काठचे, खाडीने समुद्राशी जोडलेले, मीठ आणि भात यांच्या व्यापाराचे जुने ठिकाण. शब्द आणि व्यापार यांची सांगड किती सुबकपणे बसते! पण सुबक बसते हा पुरावा नव्हे. शिलालेखात, सनदेत किंवा दप्तरात आधार मिळेपर्यंत ती सांगड तर्क म्हणूनच लिहिली पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग गणेशमूर्तींच्या व्यवसायाचा आहे. पेणच्या कोणत्याही नोंदीत हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असल्याचे वाक्य असतेच. त्यापुढे मूर्तींची लाखांतली आणि उलाढालीची कोटींतली संख्या येते, आणि ही संख्या दर नोंदीगणिक बदलते. भाद्रपद जवळ आला की वृत्तपत्रांतून या व्यवसायावर लेख येतात, त्यात कोणी तरी अंदाजे आकडा सांगतो. तोच आकडा कोशात ‘माहिती’ म्हणून बसतो. आणि पुढच्या वर्षीचा वार्ताहर कोशातून तो उचलतो. अशा प्रकारे अंदाज स्वतःलाच साक्षीदार म्हणून उभा करतो.

हा आकडा नीट काढावयाचा तर प्रश्न साधे नाहीत. पहिला प्रश्न पेण म्हणजे काय हा. मूर्तिकाम आता पेण शहरापुरते मुळीच राहिलेले नाही; हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांतून कारखान्यांची दाटी आहे. ही गावे पेण नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात येतात. मुंबई-पुण्याच्या बाजारात मात्र साऱ्या मूर्ती ‘पेणच्या’ म्हणूनच विकल्या जातात. नोंद शहराची आणि आकडा तालुक्याचा, हा दोष येथे जवळजवळ अटळ आहे. दुसरा प्रश्न दुबार मोजणीचा. एका कारखान्यात साच्यातून काढलेली कच्ची मूर्ती दुसरा कारखानदार विकत घेतो, रंगवितो, डोळ्यांची आखणी करवून घेतो आणि पुढे विकतो. दोघांनाही ‘यंदा किती मूर्ती केल्या?’ असे विचारले तर दोघेही खरे सांगतील आणि बेरीज खोटी येईल. दोघांच्या विक्रीच्या रकमा मिळवून ‘उलाढाल’ काढली तर कच्च्या मूर्तीची किंमत दोनदा धरली जाईल. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना मूल्यवृद्धी का मोजावी, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात लोखंड आणि मोटारगाडी यांच्या उदाहरणाने शिकविले जाते. पेणच्या विद्यार्थ्याला हा धडा घराशेजारच्या कारखान्यात जिवंत पाहावयास मिळत असता त्याने लोखंडावर समाधान का मानावे, कोण जाणे.

तिसरा प्रश्न मजुरीचा. या व्यवसायात घरातील स्त्रिया काम करतात, हंगामापुरते कामगार राबतात; त्यांपैकी किती जणांना रोजावर पैसे मिळतात, किती जणांना नगावर, आणि किती जणांचे श्रम ‘घरचेच’ म्हणून हिशेबात येतच नाहीत? प्लास्टरच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली बंदीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, तेव्हापासून वाद न्यायालयात पोहोचला, आणि जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाविषयी मात्र अटी घातल्या. बंदीने किती पोटे मारली जातील, हा त्या वादातला कळीचा मुद्दा होता. कारागिरांचा पक्ष असो की पर्यावरणाचा, दोघांनाही खरा आकडा हवा होता. गावाची नोंद अचूक असणे ही पंडिती हौस नव्हे, हे यावरून दिसावे.

नोंद चुकीची असते तशी ती अपुरीही असते, आणि अपुरेपणा कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की न द्यावी, यावर शेतकऱ्यांचे मतदान घेतले गेले. औद्योगिक प्रकल्पाच्या भूसंपादनापूर्वी सरकारी यंत्रणेने जमीनमालकांचा कौल घेण्याचा हा देशातील अत्यंत विरळा प्रसंग. तो प्रकल्प पुढे झाला नाही. देशभरातील अभ्यासकांना या घटनेचे मोल आहे. गावाच्या नोंदीत मात्र देवळे, किल्ले आणि पापड-पोहे यांच्यामध्ये तिला जागा मिळेलच अशी शाश्वती नाही. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांचा दीर्घ लढा सुरू झाला. निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, मूर्तिकार यांची आयुष्यभराची पुंजी अडकावी, ही गोष्ट गावाच्या आर्थिक इतिहासात मीठ-भाताच्या व्यापाराइतकीच महत्त्वाची आहे. अप्रिय म्हणून ती गाळणे हेही चुकीचेच माप आहे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीने रोजगार दिला हे लिहिणाऱ्याने रासायनिक कारखान्यांमुळे कुंडलिकेच्या पाण्याविषयी उठलेल्या तक्रारी का वगळाव्यात?

हे सारे काम कोणी करावयाचे? कोश ही महानगरातल्या विद्वानांची गोष्ट आहे, असा एक समज आहे. महाराष्ट्राला तरी तो शोभत नाही. मराठी विश्वकोशाचे संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईसारख्या तालुक्याच्या गावी बसून चालविले. १९७६ साली पहिला खंड निघालेला हा प्रकल्प २०१५ साली विसाव्या खंडापर्यंत पोहोचला. अकारविल्हे छापल्या जाणाऱ्या कोशाची एक मर्यादाही येथेच ध्यानात येते. ‘प’चा खंड आणि ‘र’चा खंड यांत वर्षांचे अंतर पडते, म्हणून पेण आणि रोहे ही शेजारची गावे छापील कोशात समकालीन राहूच शकत नाहीत. आता पडद्यावरच्या कोशात ती अडचण उरलेली नाही. उरली आहे ती पुराव्याची. मुक्त कोशात ‘मी गावचाच आहे, मला ठाऊक आहे’ हे चालत नाही, आणि चालू नये. छापील, पडताळता येईल असा आधार लागतो. गावकऱ्याला माहीत असते पण छापलेले नसते, आणि जे छापलेले असते ते गावकऱ्याने तपासलेले नसते, अशी ही कोंडी आहे.

ती कोंडी फोडू शकणारी संस्था गावात एकच आहे, ती म्हणजे महाविद्यालय. नगरपरिषदेकडे दप्तर आहे पण सवड नाही. वार्ताहराकडे कान आहेत पण मुदत एका संध्याकाळची. महाविद्यालयाकडे ग्रंथालय आहे, दरवर्षी नवी येणारी मुले आहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांकही देऊ केले आहेत. हे प्रकल्प बहुधा ठरीव विषयांवर, ठरीव प्रश्नावलींनी पुरे केले जातात आणि कपाटात जातात. त्याऐवजी एका वर्षी हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांची यादी, दुसऱ्या वर्षी कच्च्या आणि रंगविलेल्या मूर्तींची वेगळी मोजणी, तिसऱ्या वर्षी मजुरीचे दर, असे काम पेणच्या वाणिज्य विभागाने केले, आणि रोह्याच्या विभागाने नदीच्या दोन्ही तीरांवरील वस्तीचा, बाजारपेठेचा आणि धाटावला जाणाऱ्या कामगारांचा आढावा घेतला, तर पाच वर्षांत दोन्ही गावांना स्वतःचे असे छोटे गॅझेटियर मिळेल. ते छापून ग्रंथालयात ठेवावे, मोजणीची पद्धत आणि तारीख पहिल्याच पानावर द्यावी. मग कोणत्याही कोशाला त्याचा आधार घेता येईल. यास फार पैसा लागत नाही. लागतो तो प्राध्यापकाचा वेळ, जो आज अहवाल भरण्यात जातो, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती प्राचार्यांनी व विद्यापीठाने सोडविल्यावाचून सुटणार नाही.

एक आक्षेप असा येईल की मुलांच्या हातून झालेली मोजणी विश्वासार्ह कशी मानावी. १८८३ च्या गॅझेटियरमागे तरी कोण होते? नाव जेम्स कॅम्बेलसाहेबांचे असले तरी माहिती आली ती जिल्ह्यातील अधिकाऱ्यांकडून आणि त्यांच्या कचेऱ्यांतल्या दप्तरांतून. ती माहिती आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी प्रमाण मानली जाते, याचे कारण ती चुकांपासून मुक्त आहे हे नसून, कोणत्या साली कोणत्या हद्दीची ती आहे हे तिच्यात लिहिले आहे, हे होय.

लोकसंख्येच्या बाबतीत तर लवकरच नवी सामग्री हाती यावयाची आहे. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हावयास हवी होती, ती लांबली. नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. तोवर पेण-रोह्याच्या नोंदींत आकडा येईल तो २०११ चाच, आणि क्वचित २००१ चाही, वर्षाचा उल्लेख न करता. या जनगणनेसाठी घरोघर फिरणारे प्रगणक नेहमीप्रमाणे शिक्षक आणि कारकूनच असतात. रोहा अष्टमी हे एक शहर आणि दोन तीर, हमरापूर हे पेण शहराबाहेरचे गाव, आणि भाड्याच्या खोलीत हंगामापुरता राहणारा मूर्तिकामगार कोणत्या घराच्या यादीत धरावयाचा, हे तक्त्यात उतरते ते त्यांच्याच हाताने.